पोळ्याच्या तारखेचा पंचनामा

ती घटना आठवण्यासाठी मला जुनी डायरी काढावी लागत नाही. पोलीस खात्यात चौतीस वर्षे काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. त्यातले पुष्कळसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. पण नाल्याच्या पंचनाम्याचा तो एक ताव अजून डोळ्यांपुढे आहे. त्या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले होते आणि चिखलीतल्या माझ्या घरात ते पुढच्या खोलीत लावलेले होते. मागच्या वर्षी मी ते स्वतःच्या हाताने उतरवले. तपास खरा होता, यशही खरे होते आणि ते सांगताना मला आजही आनंद होतो. पण दप्तरात त्या तपासाची जी हकिकत आहे, तिच्यात एक गोष्ट मी दडवली. वय झाले आहे. ती लिहून मोकळा होतो. नाव कुणाचेच देत नाही.

तेव्हा मी घाटाखालच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. तो सारा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि नवा पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन कप खाली ठेवतो. आमच्या हद्दीतल्या एका गावाच्या शिवेवरून सातपुड्यातून उतरणारा एक नाला वाहायचा. पावसाळ्यात त्याला गुडघाभर पाणी असे; होळी झाली की वरून कोरडी वाळू. पण त्या वाळूत हात-दीड हात खणले की खाली गोड पाणी लागायचे. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. बायका वाटीवाटीने पाणी काढून हंडे भरायच्या. गावाचे पिण्याचे पाणी तेवढेच.

नाल्यावर तीन गाळ्यांचा जुना दगडी पूल होता. शेगावकडे जाणारा रस्ता रुंद करण्याचे काम निघाले तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी सोपा मार्ग काढला. पूल पाडायचा, नाला सिमेंटच्या नळ्यांत घालून रस्त्याच्या कडेने काढून द्यायचा आणि वर भराव टाकायचा. वाहत्या प्रवाहाला असा हात लावायचा तर पर्यावरणाची परवानगी लागते. जागेच्या पाहणीत तिथे प्रवाहच नाही, पाण्याचा कुणी उपयोग करत नाही, असे आढळले तर ती लवकर मिळते. यांना ती मिळाली होती. ठेकेदाराच्या साइट मॅनेजरने मला कागद दाखवला. शिक्के होते, सह्या होत्या. मी पुढे काही विचारले नाही.

एप्रिलमध्ये पोकलेन नाल्यात उतरले आणि गावातल्या आठ बायका त्याच्यासमोर वाळूत बसल्या. हजर असलेल्या सरकारी अभियंत्याने फिर्याद दिली. सरकारी कामात अडथळा, तेव्हाचे कलम ३५३. या कलमाला बळाचा वापर लागतो. त्या बायकांनी कुणाला बोटही लावले नव्हते. ‘धक्काबुक्की’ हा शब्द आमच्या लेखनिक हवालदाराने सवयीने घातला आणि मी सवयीने सही केली. आरोपींत पहिले नाव एका चोवीस वर्षांच्या मुलीचे होते, कारण पोकलेनसमोर बसून तिने अभियंत्याला परवानगीच्या अटी मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. आठही जणींना दिवसभर ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून, नोटीस देऊन सोडले.

तीन आठवड्यांनी तीच मुलगी ठाण्यात आली. नर्सिंग शिकलेली, सरकारी दवाखान्यात निवड झालेली. आई नाल्याकाठी वांगी-मिरची करायची आणि शेगावच्या बाजारात विकायची. बौद्धवाड्यातली सरकारी नोकरी लागलेली ही पहिली मुलगी. चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर आला होता आणि महिनाअखेरीस तिला रुजू व्हायचे होते.

मी तिला सरळ सांगितले, “बाई, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे. मला तसे लिहावे लागेल.”

“लिहा साहेब. हाय ते लिहा. मी कुठं खोटं लिहा म्हनून राह्यली?” तिने पिशवीतून एक कागद काढला. “पन त्याच्याआधी हे वाचा. माहितीच्या अधिकारात काढलं.”

परवानगीच्या फायलीतल्या स्थळपाहणी पंचनाम्याची ती नक्कल होती. ‘सदर ठिकाणी नैसर्गिक प्रवाह आढळून आला नाही. भाग खोलगट व पडीक असून माणसे अथवा जनावरे पाण्याचा उपयोग करीत नाहीत.’ खाली दोन पंचांच्या सह्या.

आयुष्यभर पंचनामे लिहिलेल्या माणसाला कागद वाचण्याआधी दिसतो. खऱ्या पंचनाम्यात मजकूर संपतो तिथे सह्या येतात. या कागदावर वरच्या ओळी ऐसपैस होत्या आणि शेवटच्या पाच ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या दाटल्या होत्या. मजकूर सह्यांना धडकू नये म्हणून लिहिणारा हात आखडत गेला होता. म्हणजे सह्या आधीपासून तिथे होत्या.

“तारीख पाहा नं साहेब,” ती म्हणाली.

मी पाहिली. ऑगस्टअखेरची होती.

“काय आहे तारखेत?”

“त्या दिवशी पोया होता. अख्ख्या गावानं बैल त्याच नाल्यात धुतले. अन् हे जे पहिले पंच हायेत नं, त्याइची जोडी तं सगळ्यात आधी पान्यात होती. मी पुलावरून पाह्यलं.”

पहिल्या पंचाची सही मी ओळखली होती. आमच्या ठाण्याच्या पंचनाम्यांवर ती शेकड्याने सापडेल. तो त्याच गावचा गाडीवान. बैलगाडीने बाजारातले धान्य, सिमेंट, फरशी वाहायचा आणि भाडे नसले की ठाण्यासमोरच्या लिंबाखाली गाडी सोडून बसायचा. पंच हवा असला की शिपाई दारातूनच हाक मारी. मी मुलीची फिर्याद घेतली. एकाच महिन्यात, एकाच ठाण्यात ती एका गुन्ह्यात आरोपी आणि दुसऱ्यात फिर्यादी झाली. फिर्याद लिहिताना लेखनिक हवालदाराने एकदाही मान वर केली नाही. तेव्हा मला त्यात काही वेगळे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर नाल्यावर गेलो. ऊन तापले होते आणि वाळूला ओलाव्याचा मागमूस नव्हता. माझ्या मनात आले, पंचनामा काही अगदीच खोटा नाही. मुलीच्या आईने ते ओळखले असावे. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. कोपर बुडाले तेव्हा वाळूचा रंग बदलला. थोड्या वेळाने तळाशी पाणी साचले. तिने ते वाटीत घेतले, निवळू दिले आणि माझ्यासमोर धरले.

“घ्या ठाणेदार साहेब. ज्या पान्यावर आमाले आरोपी केलं, ते पिऊन तरी पाहा.”

मी प्यालो. दोन वर्षे त्या भागात राहून इतके गोड पाणी मी चाखले नव्हते. भरावाची पहिली रास तिथून वीस पावलांवर पडली होती.

मग गाडीवानाला बोलावले. चौकशीचा माझा अनुभव असा की माणूस आपल्या अपराधाबद्दल लवकर बोलत नाही, पण अभिमानाबद्दल विचारा, थांबत नाही. मी चहा मागवला आणि कागद टेबलाच्या खणात ठेवला.

“भाऊ, मागच्या पोळ्याला तोरणाखाली मान कोणाचा होता?”

“कोनाचा म्हंजे? आमचाच! सात वर्स झाले, पह्यली जोडी आपलीच उभी राहते. त्या पाटलानं यंदा नवी जोडी आनली होती. काय उपेग? बैल बुजला, त्याचीच झूल फाडली!”

“आणि बैल धुतले कुठे?”

“नाल्यात. दुसरं कुठं धुनार, तुमच्या ठान्यात?”

दारातला शिपाई हसला. मीही हसलो. “पाणी होते का एवढे?”

“होतं म्हंजे? मह्या गुडघ्याच्या वर होतं! बैल बाहेर निघे ना. पोटं पान्याले लागली का त्याइले गुदगुल्या होतेत.”

मी खण उघडून कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याला थोडे वाचता येत होते. बोट ठेवत ठेवत तो वाचत गेला आणि ‘अथवा जनावरे’ या शब्दांवर बोट थांबले.

“हे खोटं हाय साहेब.”

“सही तुमची आहे?”

“सही महीच हाय.”

“मग त्या दिवशी कुठे केलीत? पाण्यात उभे राहून?”

त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. अवघडलेपण होते, घरच्या माणसाचा दोष परक्यासमोर सांगावा लागतो तसे.

“साहेब, त्या दिवशी नाही केली. ही तुमच्याच टेबलावर केली. तुमी नाही का म्हनत, दोन-चार कोऱ्यावर करून ठेव, सारखं सारखं कुठं तुले बोलवा?”

हीच ती गोष्ट. तो खरे बोलत होता. जुगाराची धाड, दारूची भट्टी, सापडलेली सायकल, अशा बारीकसारीक प्रकरणांत पंच शोधत बसावे लागू नये म्हणून मी कोऱ्या तावांवर त्याच्या आणि दुसऱ्या एका पंचाच्या सह्या घेऊन ठेवायचो. ते ताव माझ्याच टेबलाच्या खणात असायचे. पद्धत चुकीची आहे हे मला माहीत होते. माझ्या आधीचे करत होते, म्हणून मी केले.

ताव बाहेर कसे गेले, तेही तासाभरात कळले. पावसाळ्यात ठाण्याच्या आवारात चिखल व्हायचा. ‘चार टिप्पर मुरूम टाकून द्या,’ असे मी स्वतः साइट मॅनेजरला म्हणालो होतो. दिवाळीनंतर मुरूम आला. टिप्पर खाली होत असताना मॅनेजर लेखनिक हवालदाराला म्हणाला, जागेचा साधा पंचनामा करायचा आहे, पंच मिळतील का? साहेबांच्या शब्दावर मुरूम टाकणारा माणूस! हवालदाराने खण उघडला आणि सह्या केलेला एक ताव काढून दिला. ज्या मुरमावर उभे राहून मी रोज सकाळी हजेरी घेत होतो, तो असा आला होता.

मॅनेजरला बोलावले तेव्हा तो वकिलाचा फोन नंबर खिशात घेऊनच आला. गोड बोलणारा, इस्त्रीचा माणूस.

“पंचनामा जागेवर झाला?”

“हो साहेब. मी स्वतः हजर होतो.”

“पंच काय करत होते?”

“उभे होते. बघत होते.”

“आणि बैल?”

“कसले बैल?”

“गावात साठेक जोड्या आहेत. त्या दिवशी सगळ्या नाल्यात होत्या. तुम्हाला एकही दिसली नाही?”

त्याला खरेच कळत नव्हते. तो पश्चिमेकडच्या जिल्ह्यातला. तिकडे बैलांचा सण बेंदूर, तो आषाढातच होऊन जातो. श्रावणी अमावस्येचा आमचा पोळा त्याच्या डोक्यातही नव्हता. मी कामाची डायरी मागितली. पोळ्याच्या तारखेचे पान कोरे होते. मग उलगडा झाला. कार्यालयाने पावसाळ्यातली पाहणी जोडायला सांगितली होती. खोटी तारीख टाकायची तर आपल्याच डायरीतल्या दुसऱ्या नोंदीशी तिचा मेळ बसायला हवा, म्हणून त्याने एकही काम नोंदलेले नाही असे पावसाळ्यातले पान शोधले. तशी पाने दोनच होती. एक स्वातंत्र्यदिनाचे, त्याला तो भ्याला. दुसरे त्याने घेतले. त्या दिवशी मजूर कामावर का आले नाहीत, हे त्याने कुणाला विचारलेच नव्हते.

“मजूर आले नाहीत, कारण ते बैल धूत होते,” मी म्हणालो. “तुमच्या नसलेल्या नाल्यात.”

त्याने रुमाल काढून कपाळ पुसले आणि पाणी मागितले. आमच्या माठातले खारे पाणी प्याला आणि मग सगळे सांगितले. अभियंत्याने जागेवर न जाता कार्यालयातच पाहणीच्या अहवालावर सही केली होती, हेही.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा कायम झाला. परवानगीला स्थगिती आली. मोठ्या साहेबांच्या गाड्या नाल्यावर उभ्या राहिल्या आणि त्या मुलीच्या आईने प्रत्येकाला झिऱ्याचे पाणी पाजल्याशिवाय सोडले नाही. “प्या, प्या साहेब, पडीक भागातलं हाय,” असे म्हणून ती वाटी पुढे करायची. फेरपाहणी झाली. नवी परवानगी मिळाली ती या अटीवर की नाला नळीत घालायचा नाही, पूल तिन्ही गाळे ठेवूनच रुंद करायचा आणि टाकलेला भराव पावसाआधी उचलायचा. ज्या पोकलेनसमोर बायका बसल्या होत्या त्याच पोकलेनने तो उचलला. गावाने हलगी लावली. आठही बायका काठावर उभ्या राहून चालकाला हुकूम देत होत्या, “अजून खाली! ते ढेकूळ राह्यलं पाय तिकडं!” चालक वैतागून म्हणाला, “आता मशीन तुमीच चालवा बाई.” एक म्हणाली, “उतर खाली, आमीच चालवतो.”

त्यांच्यावरच्या गुन्ह्यात मी क-समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा, तपास बंद. कोर्टाने ती मंजूर केली आणि रुजू होण्याच्या चार दिवस आधी मुलीचा पडताळणीचा कागद निष्कलंक होऊन गेला. ती पेढे घेऊन आली. तिने पेढा आधी शिपायाला दिला, मग मला. ते बरोबरच होते.

आता न सांगितलेले. नियमाप्रमाणे हा तपास मी वरिष्ठांकडे सोपवायला हवा होता, कारण पुरावा माझ्याच खणातून गेला होता. मी तो स्वतःकडे ठेवला. गाडीवानाला दंडाधिकाऱ्यासमोर जबाब द्यायला पाठवण्याआधी मी त्याला म्हणालो, “कोऱ्यावर सही केली हे सांगा. कोणाच्या टेबलावर, ते सांगायची गरज नाही.”

तो म्हणाला, “तुमी म्हनसान तसं.”

त्याने जबाबात सांगितले की सही कुठे आणि कशासाठी केली ते आठवत नाही. मी दोषारोपपत्रात लिहिले की हवालदाराने परस्पर ताव तयार करून घेतला. हवालदाराची वेतनवाढ थांबली, बदली झाली. तो गप्प राहिला, कारण बोलला असता तर कोणी मानले नसते. मला प्रशस्तिपत्र मिळाले. गावात मात्र सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की गाडीवानाने आपल्याच नाल्यावर सही विकली. पुढच्या पोळ्याला तोरणाखालचा मान त्याच्या जोडीकडून काढून घेतला. मी हे ऐकले आणि बंदोबस्ताच्या कामाला लागलो. तो मात्र इतकी वर्षे कुणालाही माझे नाव बोलला नाही.

निवृत्तीनंतर मी बारा पोळे चिखलीत काढले. तेराव्याला, म्हणजे मागच्या वर्षी, पहाटेची एसटी धरून त्या गावाला गेलो. पुलावर उतरलो. खालून तिन्ही गाळ्यांतून पाणी जात होते आणि बैल पोटापर्यंत उभे होते. गाडीवान आता वाकला आहे. गाडीचा धंदा सुटला, पण बैलांची एक जोडी त्याने ठेवली आहे. त्याने मला ओळखले आणि पहिला प्रश्न केला, “काऊन साहेब? आज कोनाचा पंचनामा?”

“माझा,” मी म्हणालो.

संध्याकाळी तोरणाखाली गाव जमले. सरपंचाची परवानगी घेऊन मी बोललो. मी भाषण देणारा माणूस नाही. कोऱ्या तावांवर सह्या मी घेतल्या, मुरूम मी मागितला, या माणसाचे तोंड मी बंद केले, एवढेच सांगितले. मग मुलीची आई, आता पार म्हातारी, मागून ओरडली, “मंग आता काय पाहून राह्यले बे? आना नं त्याची जोडी समोर!”

हलगी वाजली. शेंदूर लावलेल्या शिंगांची ती जोडी सगळ्यांमधून वाट काढत तोरणाखाली आली. गाडीवानाने कासरा धरला होता आणि इतका ताठ चालत होता की त्याचे वाकलेपण मला दिसेना. मी दंगलीतही डोळे पुसले नव्हते. तिथे पुसले.

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवले. एक तर हे, की जागा त्या जागेवर राहणाऱ्याला विचारावी, फायलीला नाही. आणि दुसरे, की खोटा कागद बाहेरचा माणूस लिहितो, पण त्याच्यासाठी रिकामी जागा आपणच ठेवलेली असते.

जे तोरणाखाली सांगितले ते मी आधीच लिहून नेले होते. पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला पाठवायचा जबाब, हवालदाराच्या निर्दोषपणासह. त्यावर दोन पंच हवे होते. सुटीवर आलेली ती नर्स मुलगी एक झाली. दुसऱ्यासाठी मी पेन गाडीवानापुढे धरले.

“कोरं तं नाही नं साहेब?” तो म्हणाला. लोक हसले.

“वाचून दाखवतो.”

मी वाचले. त्याने पुन्हा वाचायला लावले. मी पुन्हा वाचले. मग त्याने कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि मजकूर संपला होता त्याच्या खालच्या चार बोटे मोकळ्या जागेवर अंगठा ठेवला.

“हे काऊन सोडलं?”

मी पेन घेतले आणि त्या जागेवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आडवी रेघ मारली. मग त्याने सही केली.